ओली मेंढरं

संक्रांतीनंतरच्या रविवारी
रामबागेतल्या हॉलमध्ये ऑस्ट्रेलियाचा सिनेमा होता.
खुर्च्या छप्पन्न, माणसं एकतीस,
आणि उरलेला तिळगूळ.
प्रिंटवर खाली अक्षरं नव्हती,
म्हणून माइक माझ्या हातात, कागद मांडीवर.
ओठ त्यांनी हलवायचे, मराठी मी बोलायचं.

तीन आठवडे एकाच शब्दाशी अडले होते.
मेट.
लोकर कातरणारे एकमेकांना म्हणतात, मेट.
गुत्तेवाला म्हणतो, पोलीस म्हणतो,
एक जण तर घोड्यालाही.
मित्रा लिहिलं, खोडलं.
गड्या लिहिलं तर तो माणूस एकदम
साताऱ्याकडचा वाटायला लागला.
शेवटी आपलं घरचंच ठेवलं: भिया.
हॉल हसला.
इंदूरच्या माणसाला यापुढे
काही समजावून सांगायचं उरलं नव्हतं.

मग ती शेड, गंजका पत्रा,
रात्रीच्या सरीत भिजलेली मेंढरं.
ओली लोकर कातरली की सांधे धरतात, कामगार म्हणतात.
कोरडी आहेत, मालक म्हणतो.
आणि तिथली रीत अशी की यावर मत घेतात.
टोपीत चिठ्ठ्या.
सतरा ओली, दोन कोरडी.
ओगले वकील अंधारात म्हणाले, वा! याला म्हणतात देश!
मालक चिठ्ठ्या मोजतो.
न चिडता पुन्हा मोजतो.
सतरांतल्या पहिल्याच्या खांद्यावर हात ठेवतो, म्हणतो
(म्हणजे मीच म्हणते, माइकमध्ये)
उद्यापासून येऊ नकोस, भिया.

कोणीतरी हसलं, सवयीनं.

पडद्याच्या डाव्या कडेला
एक काळा म्हातारा घोड्यांचे लगाम धरून
सिनेमाभर उभा होता.
त्याला कोणी चिठ्ठी दिली नाही.
त्याला संवाद नव्हता,
म्हणजे माझ्या कागदावर तो नव्हताच.
ती जमीन आधी कोणाची, हे त्यालाच ठाऊक असणार.

दिवे लागले. चर्चा: राष्ट्राची ओळख, समतेचा स्वभाव,
मोकळी माणसं, मोठं आकाश.
कोणीतरी चहाची आठवण केली.
दाराशी स्टुलावर गेंदालाल,
सत्तावीस वर्षं साचे-खात्यात, आता आमचा चौकीदार.
कप गोळा करता करता मला म्हणाला,
बाई, वो सतरा जने... उनको हिसाब मिला के नी मिला?
म्हटलं, दाखवलं नाही. सिनेमा तिथेच संपतो.
नी दिखाया, तो म्हणाला. मतलब नी मिला.
आणि कप एकात एक घालत राहिला.

त्याच गिरणीत माझे वडील टाइम ऑफिसला होते.
सातच्या भोंग्यावर पाच मिनिटं झाली
की निळ्या पेन्सिलीनं अर्धा रोज कापायचे.
घरी आम्ही याला शिस्त म्हणत होतो.
दिवाळीला तीच माणसं परसातली पपई घेऊन यायची,
वडील उंबऱ्याच्या आतूनच म्हणायचे,
अरे कशाला, भिया.
गिरणी बंद पडली तेव्हा
वडिलांचा फंड आठ महिन्यांत आला.
साचे-खात्याचं प्रकरण अजून कोर्टात आहे,
की नाही, मी कधी विचारलं नाही.

गेंदालालला माहीत आहे मी कोणाची मुलगी.
कामावर लागला त्या दिवशीच म्हणाला होता,
आपके पिताजी की लिखावट भोत सुंदर थी.
मी तेव्हा धन्यवाद म्हणाले होते.

खुर्च्या घडी करायच्या होत्या.
मी चार उचलल्या, त्यानं त्यातल्या दोन काढून घेतल्या.
कुलूप लावलं.
किल्ली त्याच्याकडे असते, रजिस्टर माझ्याकडे.
सुटायची वेळ मी लिहिते.
ठरलेली वेळ नऊ, आणि सोसायटीचा नियम असा
की अर्ध्या तासाच्या आतला जादा वेळ धरायचा नाही.
घड्याळात नऊ सव्वीस.
तो मफलर बांधत उभा होता,
रजिस्टरकडे न बघता.
मी पेनचं टोपण काढलं.

माझं अक्षर वडिलांसारखंच आहे,
सगळे म्हणतात.